रात्रीच्या जागरणाचें मोल

मुंबईच्या उपनगरांत वांद्र्याहून उत्तरेकडे निघालें म्हणजे समुद्राच्या कांठीं खारदांडा हें कोळ्यांचें गांव लागतें. भरतीच्या पाण्यानें भिजणाऱ्या खारवट जमिनीस कोंकणांत खार म्हणतात. खारचें आगगाडीचें स्टेशन झालें तें १९२४ सालीं, आणि विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धांवूं लागली ती १९२८ सालीं. दांड्याची वस्ती मात्र आगगाडीच्या पुष्कळ आधींची आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचें जुनें जाळें म्हणजे डोल. डोल ही पाण्यांत खुंटास बांधलेली एक लांबलचक पिशवीच होय. पाण्याच्या ओढीनें मासळी तिच्यांत आपोआप शिरते. माणसानें वेळेवर जाऊन ती लावावी आणि ओढ फिरण्यापूर्वीं उचलावी. मधला सगळा वेळ वाट पाहण्याचा. मासळी विकली गेली, खर्च वजा झाला, म्हणजे उरलेल्या रकमेचे वाटे पडतात: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशांचे वाटे. अलीकडे पगारी खलाशी पुष्कळ आले आहेत, तरी हिशेबाची ही जुनी रीत कोळीवाड्यांतून अजून अगदींच गेलेली नाहीं. होडींत बसलेल्या माणसानें रात्रींतून किती घटका डोळा मिटला, याची चौकशी वाटे पाडतांना कोणी करीत नाहीं. तो घरीं नव्हता, होडींत होता; हांक आल्याबरोबर उठणें त्यास भाग होतें; तेवढ्यानेंच त्याची रात्र कामाची ठरते.

दांड्यापासून पायीं जाण्याच्या अंतरावर खारच्या व पाली टेकडीच्या उंच इमारती उभ्या आहेत. रात्रीं आठ वाजतां एखादी बाई तेथें लिफ्टनें वर जाते आणि परक्याच्या तान्ह्या मुलाच्या उशाशीं बसते. तिला कोणी आया म्हणतात, कोणी जापाबाई म्हणतात, शिकलेल्या घरांतून हल्लीं नॅनी हा शब्द रूढ झाला आहे. सकाळीं आठ वाजतां ती खालीं येते. तिच्या पगाराचीं बोलणीं होतात तेव्हां घरधनिणीचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो कीं, मूल निजल्यावर ही बाईही निजतेच ना? होडीवर जो प्रश्न कोणास सुचत नाहीं, तो पाळण्यापाशीं हटकून विचारला जातो. हा प्रश्न आजचा नाहीं. त्याचा इतिहास बराच जुना असून त्यांतील मोठा भाग याच किनाऱ्यावर घडलेला आहे.

प्रथम शब्दांकडेच पाहावें. 'आया' हा शब्द ऐकतांच तो आपल्या 'आई'चा सख्खा असावा असें वाटतें. पण तसें नाहीं. तो पोर्तुगीज भाषेंतून आलेला आहे. वसई आणि साष्टीचा मुलूख १५३४ पासून सुमारें दोनशें वर्षें पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होता. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली तेव्हां तो अंमल उठला, परंतु शब्द मागें राहिले. 'पगार' हा शब्दही त्यांतलाच. फेडणें, चुकतें करणें, अशा अर्थाचें तें पोर्तुगीज क्रियापद आहे. म्हणजे आया आणि पगार हे दोन्ही शब्द एकाच गलबतांतून या किनाऱ्यावर उतरले. पुढें पगारानें कचेऱ्या, गिरण्या, शाळा अशीं मोठमोठीं ठिकाणें पाहिलीं. आया मात्र पाळण्यापाशींच राहिली, आणि दोघांची भेट नेहमींच नियमानें झाली असें म्हणतां येत नाहीं.

रात्रीं जागणें हें काम आहे ही गोष्ट जुन्या मराठी समाजास ठाऊक नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. गांवगाड्यांत जागल्या असे. त्याच्या नांवांतच त्याचें काम आहे. रात्रीं वेशीवर व आळीआळींतून फिरून पहारा करावा, चोरचिलटाची चाहूल घ्यावी, याबद्दल त्यास खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. वर्षांतून एकदांही चोर आला नाहीं म्हणून जागल्याचें धान्य कापलें जात नसे. उलट चोर आला नाहीं हीच त्याच्या कामाची पावती समजत. मग घरांतील जागरण निराळें कां मानलें गेलें? एक कारण असें दिसतें कीं, वेशीवरचें जागरण पुरुष करीत आणि पाळण्यापाशींचें बायका करीत. आणि बायकांचें जागरण हें आईपणाचा भाग म्हणून जन्मतः फुकट धरलेलें होतें. आईनें जें फुकट केलें, तें तिच्याऐवजीं दुसरीनें केलें तर त्याला किंमत ती काय, असा हा हिशेब.

या हिशेबास छेद देणारें एक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासांत आहे. छत्रपति संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृति ठीक नव्हती. १६५९ सालीं त्या निवर्तल्या. बाळराजांना दूध पाजण्यासाठीं पुरंदराजवळच्या कापूरहोळ गांवची धाराऊ गाडे हिला आणण्यांत आलें. शिवाजी महाराजांनीं तिला सालीना होनांची नेमणूक करून दिली आणि तिच्या मुलांना पुढें संभाजीराजांच्या पदरीं मानाची जागा मिळाली, अशी परंपरा आहे. धाराऊचें नांव लोकांच्या स्मरणांत राहिलें याचें महत्त्व नेमणुकीच्या रकमेपेक्षांही अधिक आहे. परक्या मुलाला पाजणाऱ्या किती स्त्रियांचीं नांवें इतिहासानें लिहून ठेविलीं? एका हाताचीं बोटें पुरतील.

याच काळाची दुसरी बाजू अशी कीं, मोठ्या घरांतून रात्रीं मुलें सांभाळण्याचें काम बहुधा कुणबिणीकडे असे. कुणबीण ही विकत घेतलेली किंवा शिक्षा म्हणून दास्यांत घातलेली स्त्री. पेशवाईच्या दप्तरांत त्यांच्या खरेदीच्या व वांटणीच्या नोंदी सांपडतात. तिला पोटास अन्न आणि अंगास लुगडें मिळे; पगाराचा प्रश्नच नव्हता, कारण तिचा दिवसही तिचा नव्हता आणि रात्रही नव्हती. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें हिंदुस्थानांतील दास्यास सरकारदरबारीं मान्यता राहिली नाहीं. कायद्यानें दास्य गेलें, पण 'जेवून खाऊन घरांतच राहते, मग तिला आणखी काय द्यावयाचें' हें वाक्य गेलें नाहीं. तें कुणबिणीकडून मोलकरणीकडे वारशानें आलें, आणि खारच्या इमारतींत आजही ऐकूं येतें.

इंग्रजी अमदानींत मुंबईची आया ही एक निराळीच संस्था झाली. साहेबांच्या बंगल्यांत राहणाऱ्या या बायांपैकीं पुष्कळजणी गोव्याकडील ख्रिस्ती असत. त्यांतील एकीच्या कडेवर जगप्रसिद्ध लेखक रुडयार्ड किप्लिंग वाढला. त्याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजीं मुंबईंत झाला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेंत शिक्षक होते. १९३७ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्ताच्या आरंभींच ही आया भेटते. वाटेवरच्या क्रुसापुढें ती प्रार्थना करी आणि लहानगा रुडयार्ड तिच्या शेजारीं उभा राही. दुपारच्या झोंपेपूर्वीं ती त्याला गोष्टी सांगे, गाणीं म्हणे, आणि मग आईबापांकडे पाठवितांना आतां इंग्रजींत बोल म्हणून बजावी. कारण हा साहेबाचा मुलगा स्वप्नें पाही तीं तिच्या भाषेंत. असे क्रूस वांद्र्याच्या व दांड्याच्या गल्ल्यांतून आजही दिसतात. त्यांपैकीं कित्येक १८९६ च्या प्लेगच्या सांथींत उभारलेले आहेत. आत्मवृत्तांतील ही पानें प्रेमानें भरलेलीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु त्याच पानांवर घरच्या पुरुष नोकराचें नांव किप्लिंग देतो, आयेचें देत नाहीं. ती नुसती 'माझी आया'. प्रेम मिळालें, नांव मिळालें नाहीं. मग पगाराची नोंद कोठून मिळणार?

साहेबलोक रजेवर विलायतेस निघाले कीं आया बोटीवर त्यांच्याबरोबर जाई. मडमेस बोट लागे, मुलें रडत, आणि आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस केबिनींत मुलें सांभाळण्याचें काम ही बाई करी. लंडनला पोंचल्यावर तिची गरज संपे. परतीचें तिकीट देऊं असें कबूल केलेलें असलें तरी तें कागदावर असेच असें नाहीं. कांहीं घराण्यांनीं आपल्या आयांना सरळ रस्त्यावर सोडून दिल्याची उदाहरणें लंडनमध्यें इतकीं घडलीं कीं अशा बायांसाठीं तेथें एक निवासगृह काढावें लागलें. हें गृह प्रथम लंडनच्या ऑल्डगेट भागांत होतें. १९०० सालीं तें हॅक्नी भागांतील किंग एडवर्ड्स रस्त्यावर हलविण्यांत आलें, आणि लंडन सिटी मिशन ही ख्रिस्ती संस्था तें चालवीत असे. तेथील व्यवस्था मोठी व्यवहारी होती. आयेचें परतीचें तिकीट मालकीण गृहाच्या स्वाधीन करी. मग हिंदुस्थानांत निघालेल्या दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला आया हवी असली म्हणजे तें तिकीट त्या कुटुंबाला देऊन ही बाई त्यांच्याबरोबर पाठविली जाई. अशा रीतीनें एका आयेनें चौपन्न वेळां समुद्र ओलांडल्याची नोंद आहे. चौपन्न वेळां! ज्या काळीं काळें पाणी ओलांडलें म्हणून शिकलेल्या पुरुषांना प्रायश्चित्तें घ्यावीं लागत, त्या काळची ही गोष्ट. २०२२ सालीं त्या घरावर स्मारकाचा निळा फलक लावण्यांत आला.

आतां साहेबाचा बंगला सोडून गिरणगांवांत यावें, कारण रात्रींच्या पगाराचा खरा प्रश्न तेथें उघडा पडला. गिरणींत जाणाऱ्या बाईनें आपलें तान्हें मूल ठेवावें कोणापाशीं? पैसे देऊन बाई ठेवण्याची ऐपत नव्हती. तिनें मुलाला अफूची बाळगोळी दिली. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरनें मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांत त्यांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांना अफू दिली जात असल्याचा अंदाज तिनें नोंदविला. हा आंकडा पुढें ज्यांनीं ज्यांनीं वाचला ते हादरले. मूल सांभाळणाऱ्या माणसाला मोल देण्याची सोय समाजानें केली नाहीं, तर तें काम अफू करते, एवढें त्यांतून दिसून आलें. आयांनाही हट्टी मुलाला निजविण्यासाठीं अफू चाटविण्याचा दोष इंग्रज मडमा पुष्कळदां देत. तो खरा असेल किंवा नसेल; पण दिवसभर राबलेल्या बाईला रात्रभर जागावयास लावणाऱ्यांनीं तो द्यावा हें जरा चमत्कारिक आहे.

गिरणी कामगार स्त्रीच्या बाजूनें कायद्याचा पहिला प्रयत्न नारायण मल्हार जोशी यांनीं केला. १९२४ सालीं त्यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत बाळंतपणाच्या सवलतींचें विधेयक आणलें. तें मंजूर झालें नाहीं. पुढें मुंबई कायदेमंडळांत तसेंच विधेयक आलें तेव्हां २८ जुलै १९२८ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आगेमागें आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून तो भार मुख्यतः सरकारचा. परंतु त्या स्त्रीच्या श्रमांचा नफा मालक घेतो, तेव्हां कांहीं भार त्यानेंही उचलला पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ सालीं मुंबईचा कायदा झाला. या प्रकारचा तो हिंदुस्थानांतील पहिलाच होय. मात्र तो कारखान्यांतील बायांसाठीं होता. परक्या आईच्या बाळंतपणांत रात्र रात्र जागणाऱ्या बाईच्या स्वतःच्या बाळंतपणास तो लागू नव्हता.

आणि हेंच पुढें चालत राहिलें. १९४८ हें वर्ष कामगारांच्या कायद्यांचें वर्ष म्हणावयास हरकत नाहीं. किमान वेतनाचा कायदा, कारखान्यांचा कायदा, मुंबई इलाख्याचा दुकानें व संस्थांचा कायदा, हे सर्व त्याच वर्षाचे. किमान वेतन कायद्याच्या मूळ परिशिष्टांत घरकाम नव्हतें. १९५९ सालीं घरगुती नोकरांविषयीं खासगी विधेयकें संसदेंत आलीं. तीं मंजूर झालीं नाहींत. घर म्हणजे कारखाना नव्हे, नोकर हा घरच्या माणसासारखा, मध्यें सरकार कशाला, असा सूर त्या वेळींही होता आणि पुढेंही टिकला. घरच्या माणसासारखा हा शब्द मोठा गोड आहे. पण घरच्या माणसाला आजारपणांत कोणी काढून टाकीत नाहीं.

हें सांगावयाचें कारण असें कीं, १९८० च्या आरंभीं पुण्यांत नेमकी हीच गोष्ट घडली. आजारपणामुळें कांहीं दिवस कामावर न आलेल्या एका मोलकरणीला परत कामावर घेतलें नाहीं, म्हणून आसपासच्या घरांतील मोलकरणींनीं काम बंद केलें. बघतां बघतां संप पसरला. सदाशिव-नारायण पेठांची ख्याति असलेल्या त्या शहरांत मोलकरणी मोर्चानें निघाल्या, आणि त्यांतून पुणें शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, हक्काच्या सुट्या, दिवाळीला एका महिन्याचा पगार बोनस म्हणून, अशा मागण्या होत्या. संघटनेनें पुढें कामांचे दर ठरवून त्यांचें पत्रक काढलें: धुण्याचे इतके, भांड्यांचे इतके, केर-लादीचे इतके. आज महाराष्ट्रांतील शहरांत दिवाळीचा महिना मोलकरणींना मिळतो तो मालकांच्या औदार्यानें मिळूं लागला, असें जर कोणास वाटत असेल, तर त्यानें या संपाची माहिती अवश्य घ्यावी.

परंतु कामांच्या दरांची ही पद्धत रात्रीच्या आयेपाशीं येऊन अडखळते. भांडीं मोजतां येतात, बादल्या मोजतां येतात. वाट पाहणें मोजावें कसें? महाराष्ट्रांत घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. त्याखालीं नोंदणी होते, अपघात, बाळंतपण, मुलांचें शिक्षण, अंत्यविधि अशांसाठीं मदतीची तरतूद आहे. २०२१ सालच्या टाळेबंदींत नोंदणी झालेल्या घरेलू कामगारांना १,५०० रुपयांचें साहाय्य जाहीर झालें. पण तो कल्याणाचा कायदा आहे, पगाराचा नव्हे. रात्र किती तासांची धरावी याबद्दल तो कांहीं सांगत नाहीं. शेजारच्या कर्नाटकानें २००४ सालींच घरकामास किमान वेतन लागू केलें होतें, ही गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. २९ जानेवारी २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें घरकामगारांसाठीं स्वतंत्र कायदा असावा किंवा कसें याचा विचार करण्यासाठीं समिति नेमण्याचा आदेश केंद्र सरकारास दिला.

रात्र मोजण्याचा प्रश्न जगांत इतरत्र सुटला आहे काय? थोडाफार सुटला आहे, आणि तोही भांडूनच. १६ जून २०११ रोजीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें घरकामगारांविषयींचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारतानें त्याच्या बाजूनें मत दिलें, परंतु त्यास रीतसर मान्यता दिलेली नाहीं. त्या कराराच्या दहाव्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, ज्या वेळांत कामगाराला आपला काळ आपल्या मर्जीप्रमाणें घालवितां येत नाहीं, हांकेला ओ देण्यासाठीं घराच्या स्वाधीन राहावें लागतें, तो वेळ देशाचे कायदे, सामुदायिक करार किंवा तेथील रूढि ठरवितील त्या मर्यादेंत कामाचा वेळ धरावा. आठवड्यास सलग चोवीस तासांची विश्रांति द्यावी, असेंही त्याच कलमांत आहे. दांड्याच्या कोळ्याला हें कलम वाचून दाखविलें तर त्यांत नवें काय आहे असें तो विचारील.

युरोपांत लक्झेंबर्गच्या न्यायालयानें २००० सालीं स्पेनमधील आणि २००३ सालीं जर्मनींतील डॉक्टरांच्या खटल्यांत असा निकाल दिला कीं, डॉक्टर रुग्णालयांत हजर राहून हांकेची वाट पाहत असेल, तर तो झोंपला तरी तो कामावरच आहे. अर्थात् हा निकाल कामाच्या तासांविषयीं होता, पैशांविषयीं नव्हता. पैशांचा प्रश्न इंग्लंडांत निघाला तेव्हां उत्तर उलटें आलें. अपंग माणसांच्या घरीं रात्रीं दहा ते सकाळीं सात झोंपून राहणाऱ्या एका सेविकेनें सगळ्या रात्रीचें किमान वेतन मागितलें. १९ मार्च २०२१ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तें नाकारलें. उठून काम केलें तेवढाच वेळ मोजावा, असें ठरलें. तथापि या खटल्यांतील एक तपशील विसरूं नये. त्या बाईला सोळा महिन्यांत अवघें सहा वेळां उठावें लागलें होतें. तान्हें मूल सहा वेळां एका रात्रींत उठवितें. म्हणून या निकालाचा आधार खारमधील एखाद्या घरधन्यानें घेतला, तर तो आधार लटका आहे. त्याच इंग्लंडांत घरांत राहून कुटुंबियांप्रमाणें वागविल्या जाणाऱ्या नोकराला किमान वेतन न देण्याची जी सवलत मालकांस होती, ती १ एप्रिल २०२४ पासून काढून घेतली गेली, हेंही लक्षांत ठेवावें.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत हा हिशेब सर्वांत बारकाईनें मांडला आहे. चोवीस तासांपेक्षां कमी वेळेच्या पाळीवर असलेल्या माणसाला मध्यें झोंपूं दिलें तरी ती सगळी पाळी कामाची. चोवीस तासांची किंवा अधिक पाळी असेल तर दोघांच्या संमतीनें झोंपेचे जास्तींत जास्त आठ तास वजा करतां येतात. पण झोंपावयास नीट जागा दिली पाहिजे, हांकेनें उठावें लागलें तो वेळ मोजला पाहिजे, आणि त्या माणसाला निदान पांच तास झोंप मिळाली नाहीं तर सारी रात्र कामाची धरली पाहिजे. हा नियम तेथें सर्वत्र पाळला जातो असें नव्हे. तरी नियम कसा असावा याचा तो बरा नमुना आहे.

आतां हाच गज घेऊन खारच्या इमारतींतील रात्र मोजून पाहावी. नवजात मुलाला दिवसाच्या चोवीस तासांत आठ ते बारा वेळां दूध लागतें. म्हणजे रात्रीं आठ ते सकाळीं आठ या बारा तासांत चार ते सहा वेळां. प्रत्येक वेळीं मुलाला उचलावयाचें, दूध आईनें पाजावयाचें असेल तर तिच्याकडे न्यावयाचें, नाहींतर बाटली उकळून घ्यावयाची, पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेंकर काढावयाचा, लंगोट बदलावयाचा, आणि पुन्हां निजेपर्यंत थोपटीत बसावयाचें. यांस प्रत्येक खेपेस पाऊण तास धरला तर तीनपासून साडेचार तास होतात. उरलेल्या वेळेचे दोन-दोन तासांचे तुकडे पडतात. त्यांत सलग पांच तासांचा तुकडा एकही निघत नाहीं. पहिल्या चाळीस दिवसांत तर नाहींच नाहीं. तेव्हां 'मूल निजल्यावर ती निजतेच ना' या प्रश्नास अंकगणिताचेंच उत्तर आहे. मूल सहा महिन्यांचें झालें, रात्रीं एकदांच उठूं लागलें, कीं हिशेब कांहीं प्रमाणांत बदलावा असें कोणी म्हणेल. त्यांत गैर कांहीं नाहीं, परंतु मग आरंभींच्या महिन्यांचा दर त्या मानानें चढा असावयास हवा, आणि तसें म्हणणारा यजमान विरळाच.

पगारांतून जेवण व जागा यांची रक्कम मनांतल्या मनांत वजा करण्याची चाल तर सर्वत्रच आहे. जिनीव्हाच्या करारानें वस्तुरूपानें वेतन देण्यास अगदींच बंदी केलेली नाहीं. पण तें थोड्याच प्रमाणांत, कामगाराच्या संमतीनें, त्याच्या स्वतःच्या उपयोगासाठीं आणि वाजवी किंमत धरून असावें असें म्हटलें आहे. मुलाच्या खोलींत जमिनीवर अंथरलेली गादी ही आयेच्या उपयोगाची वस्तु नव्हे. तिला घरीं गादी आहे. ती येथें निजते ती मुलाच्या सोयीसाठीं. त्या गादीचें भाडें तिच्याकडून वसूल करणें म्हणजे खलाशाकडून होडींत बसल्याचें उतारूभाडें घेण्यासारखें आहे. दलालीचाही एक भाग आहे. बाई पुरविणाऱ्या संस्था यजमानाकडून फी घेतात, कित्येक ठिकाणीं बाईच्या पगारांतूनही कांहीं हिस्सा जातो, आणि आपल्यासाठीं यजमानानें एकंदर काय मोजलें हें तिला पुष्कळदां ठाऊक नसतें.

बारा तासांच्या पाळीची ही रीत रुग्णालयांतून घरांत आली. आजाऱ्यापाशीं रात्रीं बसणाऱ्या बायांना पाळीप्रमाणें पैसे मिळत, आणि तेथें पाळी म्हणजे पाळी. आजारी माणूस शांत झोंपला म्हणून पैसे कमी होत नसत. तीच बाई पाळण्यापाशीं येऊन बसली कीं तिची पाळी विरघळते. आठाचे साडेआठ होतात, सकाळीं आईला आंघोळ आटपेपर्यंत नऊ वाजतात, आणि त्या तासाभराचा उल्लेख कोणीच करीत नाहीं. ज्या घरांतून कामाची वेळ, सुटीची रात्र, जादा तासाचा दर आणि काम सुटण्यापूर्वीं किती दिवसांची सूचना, हीं चार कलमें पहिल्याच दिवशीं कागदावर लिहून दोघांजवळ ठेविलीं जातात, तेथें भांडणें कमी होतात. मात्र अशीं घरें थोडीं.

आणि एक मूल या सगळ्या हिशेबांत कोठेंच धरलेलें नसतें. तें म्हणजे आयेचें स्वतःचें. रात्रीं आठला ती खारमध्यें पोंचते म्हणजे आपल्या घरून ती सातच्या आधींच निघालेली असते, आणि सकाळीं परतेपर्यंत तिचें मूल शाळेला गेलेलें असतें. रात्रीं त्याच्याजवळ निजणारी बहुधा तिची सासू असते, आई असते, किंवा दहा-बारा वर्षांची थोरली मुलगी. तिचें जागरण पुन्हां फुकटच. १९४८ च्या कारखाना कायद्यानें ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्याला पाळणाघर काढावयास लावलें होतें. पुढें १९७६ च्या दुरुस्तीनें ती संख्या ३० वर आणली. चाळीस मजल्यांच्या एका इमारतींत रात्रीं तितक्या आया सहज असतील. पण प्रत्येकीची मालकीण निराळी, म्हणून त्या इमारतीला तो कायदा कधींच लागू झाला नाहीं. दिवसाचीं पाळणाघरें उपनगरांत पुष्कळ निघालीं आहेत. तीं संध्याकाळीं, या बायांच्या निघण्याच्या वेळींच, बंद होतात.